शिन झुईचं ताट

चीनच्या हुनान प्रांताची राजधानी छांगशा, तिथे सकाळी सातला कुठल्याही गल्लीत शिरलं की आधी वाफ दिसते, दुकान नंतर. दाराशीच भलंमोठं पातेलं रटरटत असतं, त्यामागे झारा धरून एखादी बाई उभी, आणि पुढ्यात कामावर निघालेली, पोरांना शाळेत सोडून आलेली, रात्रपाळी संपवून परतलेली माणसं. सकाळचं खाणं घरी करण्यापेक्षा बाहेरच उरकण्याची इथे रीत आहे. तांदळाच्या शेवयांचा एक वाडगा रिचवायचा आणि दिवसाला लागायचं. या शेवया म्हणजे मीफन. बोलताना सगळे नुसतं फनच म्हणतात.

माझा भाचा या शहरात डॉक्टरकी शिकतो. शिन झुई नावाच्या बाईचा एकवीसशे वर्षं टिकलेला देह इथल्या म्युझियममध्ये आहे. भाच्याकडे गेले तेव्हा तिथलं बुकिंग त्याने आधीच करून ठेवलं होतं. "पण मावशी, आधी फन. उपाशीपोटी त्या बाईकडे जायचं नाही," असं म्हणून त्याने मला हॉस्टेलमागच्या गल्लीत नेलं.

फन चपटीही मिळते आणि गोलही. छांगशाचा माणूस बहुधा चपटीच मागतो. तांदूळ भिजवून वाटायचे, ते पातळ पीठ थाळ्यात पसरून वाफवायचं, निवलं की पट्ट्या कापायच्या. ज्याने कोकणातले शिरवाळे खाल्लेत त्याला पहिल्या घासालाच ओळख पटेल. तोच तांदळाचा मऊ, किंचित चिकट स्पर्श, फक्त तिथे नारळाचा गोड रस आणि इथे डुकराच्या हाडांचा तासन् तास उकळलेला रस्सा.

दुकानातल्या बाईने मूठभर फन झाऱ्यात घेतली, उकळत्या पाण्यात दोनदा बुचकळली, मनगटाला एक झटका देऊन पाणी झाडलं आणि वाडग्यात उलटी केली. वाडग्याच्या तळाशी सोयासॉस, थोडी चरबी आणि चिरलेली कांद्याची पात आधीच पडलेली होती. वरून रस्सा ओतला. मग कालवण निवडायचं. शिजवलेल्या मांसाची, अंड्यांची पातेली ओळीने मांडलेली असतात. ताजं परतून हवं असेल तर कढईवाल्याला सांगून थांबायचं. मी मिरचीत परतलेलं डुकराचं मांस सांगितलं. बाजूच्या टेबलावर आंबवलेल्या चवळीच्या शेंगा बारीक चिरून ठेवलेल्या, मुळ्याचं लोणचं, आणि मिठात मुरवलेली लालभडक ठेचलेली मिरची. तिथून हवं तितकं आपल्या हाताने वाढून घ्यायचं. प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि फुरके मारत खायचं. आजूबाजूला बोलणं जवळपास नव्हतंच. शेजारचे आजोबा रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, वाडगा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि उठले. त्यांची जागा लगेच दुसऱ्याने घेतली.

मला ही सकाळ फार आवडली. शहर इतकं मोठं आणि घाईचं, पण खाताना प्रत्येक जण आपल्या वाडग्यापुरता शांत होता.

हुनान म्युझियम हुतात्मा उद्यानाला लागून आहे. आताची इमारत 2017 ची. त्यात पाहण्यासारखं खूप आहे, पण गर्दी असते ती एका कुटुंबासाठी. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात हान साम्राज्याखाली छांगशाचं एक मांडलिक राज्य होतं. लि त्सांग त्या राज्याचा प्रधान, आणि त्याला दाई नावाची जहागीर होती. तो इ.स.पू. 186 मध्ये वारला. त्याच्या मुलाचं दफन इ.स.पू. 168 मधलं. त्यानंतर काही वर्षांतच, साधारण पन्नाशीत, बायको गेली. तिचं नाव शिन झुई. तिघांच्या कबरी शहराच्या पूर्वेला मावांगदुई इथे एकमेकींना लागून होत्या. 1971 च्या अखेरीस तिथे एका लष्करी इस्पितळाचं भुयारी आश्रयस्थान खणताना जमिनीतून वायू येऊ लागला, त्याला काडी लावली तर निळी ज्योत पेटली. म्हणजे खाली काहीतरी हवाबंद होतं. 1972 च्या पहिल्या चार महिन्यांत शिन झुईची कबर उघडली गेली.

त्या लोकांनी ती कशी बांधली होती हे पाहिलं की आधी हात जोडावेसे वाटतात. जमिनीखाली सोळा मीटर खोल खड्डा. तळाशी जाड फळ्यांचं मोठं लाकडी दालन. त्याच्या मधोमध एकात एक बसवलेल्या चार शवपेट्या. बाहेरची नुसती काळी. दुसरी काळ्या लाखेवर (लाख म्हणजे इथे झाडाच्या चिकाचं चकचकीत रोगण) ढग आणि त्यांत पळणारी विचित्र सत्त्वं रंगवलेली. तिसरी लाल, ड्रॅगनांची. सगळ्यांत आतली रेशमाने आणि पिसांनी सजवलेली. दालनाभोवती पाच टनांच्या आसपास कोळसा ठासून भरलेला, ओल शोषून घ्यायला. कोळशाभोवती मीटरभर जाडीचा पांढऱ्या चिकणमातीचा थर, हवा आणि पाणी अडवायला. त्यावर चोपून भरलेली माती. ज्यांनी तो कोळसा जाळला आणि ती माती वाहिली, त्यांची नावं कुठे नाहीत, पण त्यांच्या हातांनी केलेलं काम एकवीसशे वर्षं टिकलं.

अंगावर कपड्यांचे वीस थर, नऊ फितींनी बांधलेले. आतल्या पेटीवर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं, दोन मीटर लांबीचं रंगवलेलं रेशीम पसरलेलं. त्यात वर स्वर्ग आहे. उजवीकडे लाल सूर्य आणि सूर्यात काळा कावळा. डावीकडे चंद्रकोर, तिच्यावर बेडूक आणि ससा. मध्ये काठी टेकून किंचित वाकून उभी असलेली म्हातारी, मागे तिच्या दासी, पुढे गुडघे टेकलेले दोघे. हीच शिन झुई. आणि तिच्या खाली, पृथ्वीच्या पातळीवर, मोठमोठी भांडी मांडून बसलेली माणसं. सूर्यातल्या कावळ्यापाशी मी बराच वेळ थांबले. आपल्या दहाव्याच्या कावळ्याशी त्याचा काही संबंध नाही, तो वेगळ्याच गोष्टींतून आलेला आहे. तरी घाटावर पिंडाकडे डोळे लावून बसलेली आमच्या घरची माणसं डोळ्यांसमोर आलीच. तेव्हा आजोबांच्या पानावर भात-वरणाशेजारी आजीने तपकिरीची डबी ठेवली होती. भटजी काही बोलले नाहीत.

त्या काळच्या चीनमध्ये माणूस गेला की घरातल्या कुणीतरी त्याचा एखादा कपडा घेऊन छपरावर चढायचं, उत्तरेकडे तोंड करायचं आणि नाव घेऊन तीनदा हाक मारायची, परत ये. मग तो कपडा खाली टाकायचा आणि मृताच्या अंगावर घालायचा. हाकेला ओ आली नाही की मगच पुढची तयारी. आणि छांगशा ज्या जुन्या चू प्रदेशात मोडतं, तिथे तर आत्म्याला बोलावणारं काव्यच रचलं गेलं. त्यात आधी चारी दिशांची भीती घालतात, पूर्वेला जाऊ नकोस, दक्षिणेला जाऊ नकोस. मग घराची आठवण देतात. उंच दालनं, गाणं, नाच, आणि मग जेवण. भात, गहू, मऊ शिजलेलं बैलाचं मांस, मध घातलेल्या तळलेल्या पोळ्या. गेलेल्या माणसाला परत आणायचं तर काय सांगावं, याचा त्यांनी विचार केला आणि ते स्वयंपाकघरापाशी येऊन थांबले. मला यात काहीच परकं वाटत नाही.

लाकडी दालनात पेट्यांच्या चारी बाजूंना चार कप्पे होते. तीन कप्प्यांत सामान खच्चून भरलेलं. चौथा, उत्तरेचा, मोकळा आणि खोलीसारखा मांडलेला. भिंतींना रेशमी पडदे, तळाला बांबूची चटई. एक बसण्याची जागा, पाठीमागे लाखेचा रंगीत पडदा, टेकायला छोटं बाक. समोर रेशमी जोडे, हातात घ्यायची काठी, प्रसाधनाच्या पेट्या, त्यांत केसांचा गंगावन. एका बाजूला लाकडी बाहुल्या, काही नाचणाऱ्या, काही वाद्यं घेऊन बसलेल्या. आणि एक लाखेचं चौरंगासारखं ताट. त्यावर पाच छोट्या थाळ्या, थाळ्यांत अन्न, बांबूच्या काडीला लावलेलं मांस, दोन पेले, एक कानवाला प्याला, आणि प्याल्यावर आडव्या ठेवलेल्या चॉपस्टिक्स.

जागेवर कुणी नाही. तिथे तिची बाहुली बसवलेली नाही. सगळी मांडणी तिच्यासाठी आणि जागा रिकामी, कारण ती येऊन बसणार आहे, अशी त्यांची खात्री होती. थाळ्यांत आणि प्याल्यांत लिहिलेलं आहे, खा, प्या.

मी काचेला नाक लावून त्या ताटाकडे पाहत होते. लाल आतली बाजू, काळी कड, त्यावर वळत गेलेले ढग. रंग इतका ताजा की कुणी काल पुसून ठेवलं असावं. चॉपस्टिक्स साध्या बांबूच्या. इतक्या श्रीमंत घरात जेवायच्या काड्या मात्र साध्याच, हे मला फार जवळचं वाटलं. रोजच्या वापरातली वस्तू असावी. तिला ज्याची सवय होती तेच दिलं.

बाहुल्यांबद्दल सांगायला हवं. या एका कबरीत एकशे बासष्ट लाकडी बाहुल्या निघाल्या, कुणी नोकर, कुणी गाणाऱ्या. त्या तिथे आहेत म्हणून माणसं तिथे नाहीत. उत्तरेला वुहानच्या म्युझियममध्ये इ.स.पू. 433 च्या सुमारास वारलेल्या झंग संस्थानाच्या राजाच्या कबरीतल्या वस्तू आहेत. पासष्ट कांस्यघंटांचा तो जगप्रसिद्ध संच त्यातलाच. सगळे घंटांचं कौतुक करतात आणि ते खरंच आहे. पण त्या राजाबरोबर एकवीस तरुण मुली पुरलेल्या होत्या, त्यातल्या आठ त्याच्याच दालनात. मधल्या पावणेतीनशे वर्षांत मुलींच्या जागी लाकडाचे ठोकळे आले. हा बदल एका दिवसात झाला नाही आणि सगळीकडे सारखा झाला नाही. तरी दफनाच्या रीतींच्या इतिहासात मला याहून मोठी गोष्ट माहीत नाही. त्या रंगवलेल्या, अंगाने थोड्या ओबडधोबड बाहुल्यांसमोर उभं राहून मला हायसं वाटलं.

पैसेही तसेच. टोपल्या भरभरून मातीची नाणी. अन्न मात्र खरं. तिथे त्यांनी मातीवर भागवलं नाही.

बांबूच्या तीनशे बारा पट्ट्यांवर सामानाची यादी लिहून बरोबर ठेवली होती, आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त पट्ट्या खाण्यापिण्याच्या आहेत. नाना तऱ्हांचे रस्से, भाजलेलं, वाळवलेलं मांस. बांबूच्या पेटाऱ्यांत हरीण, डुक्कर, बैल, ससा, तितर, सारसाच्या जातीचे पक्षी, मासे, अंडी. तांदूळ, गहू, सातू, राळा. आलं, दालचिनी, तिरफळाच्या जातीतला चिनी मिरी. मातीच्या बरणीत आंबवलेलं काळं सोयाबीन, आल्याबरोबर. पेटाऱ्यांच्या दोऱ्यांच्या गाठींवर ओल्या मातीत दाई जहागिरीच्या घरकारभाऱ्याचा शिक्का उठवलेला. कुणीतरी प्रत्येक पेटारा उघडून पाहिला, मोजला, बांधला आणि शिक्का मारला. लि त्सांगच्या जहागिरीत सातशे कुटुंबं होती. एवढा शिधा आणि एवढं रेशीम त्यांच्या कष्टांतून आणि प्रधानपदाच्या मिळकतीतून आलं. हे विसरून ती यादी वाचता येत नाही.

सकाळचा माझा वाडगा या यादीला लावून पाहिला. तांदूळ आहे, डुक्कर आहे, अंडं आहे, आलं आणि आंबवलेलं सोयाबीन आहे. नाही ती फक्त मिरची, जिच्याशिवाय आज हुनानचा माणूस एक घास खात नाही. ती अमेरिका खंडातून पंधराव्या शतकाच्या अखेरीस निघाली. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली तेव्हा आपल्याकडे पोचली, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये तिची पहिली नोंद दिसते. म्हणजे शिन झुईच्या रश्शाचा तिखटपणा आपल्या सातवाहनकाळच्या स्वयंपाकासारखाच मिरचीविना, आल्याचा आणि त्या चिनी मिऱ्यांचा असणार. भाचा म्हणाला, "तिला आजची फन झेपली नसती." मला वाटतं झेपली असती. खाण्याची आवड असलेली बाई होती ती, यादी सांगते.

पुण्यात शिकत असताना डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावची दफनं पाहिली होती. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, ताम्रपाषाण युगातलं गाव. 1968 पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन चाललं. शिन झुईच्याही कित्येक शतकं आधीची ही माणसं. लेकरू गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे, ज्या जमिनीवर रोज चालायचं, झोपायचं तिच्याखाली. मोठ्यांना उताणं पुरायचे, आणि घोट्याखालचे पाय तोडलेले. पुरातत्त्वज्ञ याचा अर्थ असा लावतात की मेलेल्याने उठून निघून जाऊ नये, घरातच राहावं. डोक्याशी वाडगा, तोटीचं भांडं. तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते, ते तोडलेले पाय बघून अंगावर काटा आला होता आणि बाकी काही दिसलं नव्हतं.

छांगशात त्या रेशमी जोड्यांसमोर ते पाय आठवले. एका गावाने पाय काढून घेतले आणि दुसऱ्याने जोडे आणि काठी दिली. दोन्हीकडची माणसं गेलेल्याला घरातच ठेवू पाहत होती. एकांनी जायची वाट बंद केली, दुसऱ्यांनी घरच इतकं सुखाचं मांडलं की जावंसं वाटू नये. आणि भांडं दोन्हीकडे ठेवलेलं. इनामगावच्या त्या वाडग्याकडे मी तेव्हा नीट पाहिलं नाही. पुण्याला गेल्यावर पुन्हा जाणार आहे.

मग आम्ही खाली गेलो, जिथे सगळे जातात.

काचेतून खाली पाहावं लागतं. मंद उजेडात शिन झुई पडून आहे. 154 सेंटिमीटर उंची. कबर उघडली तेव्हा कातडी मऊ होती, सांधे वाकत होते, डोक्यावर केस होते. डिसेंबर 1972 मध्ये इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात तिचं शवविच्छेदन झालं. हा भाग भाच्याने सांगितला, हळू आवाजात आणि आदराने. धमन्या कठीण झालेल्या, हृदयविकार, पित्ताशयात खडे, आतड्यात जंत, आणि पाण्यातून होणाऱ्या शिस्टोसोमा या परजीवीचीही लागण. इतक्या मोठ्या घरची बाई, पण पाणी सगळ्यांचं एकच. पित्ताच्या खड्याने कळ उठली आणि त्यात हृदय बंद पडलं, असा डॉक्टरांचा निष्कर्ष. अन्नमार्गात खरबुजाच्या एकशे अडतीस बिया मिळाल्या, न पचलेल्या. म्हणजे खरबूज खाल्ल्यावर काही तासांतच ती गेली, आणि उन्हाळ्याचे दिवस होते.

काचेभोवती लोक दाटले होते. फोन वर धरलेले, लहान मुलं कडेवर. तोंड उघडं, जीभ बाहेर, ही अवस्था कुणीही आपल्या आईची कुणाला दाखवू देणार नाही. वीस वस्त्रं, चार पेट्या, कोळसा, चिकणमाती, हा सगळा खटाटोप तिच्यावर कुणाची नजर पडू नये म्हणूनच होता, आणि तो इतका नेमका जमला की त्यामुळेच ती आज काचेखाली आहे. भाचा म्हणाला, तिच्यामुळे वैद्यकाला किती कळलं बघ. ते खरं आहे. शिस्टोसोमाचा इतका जुना पुरावा सहज मिळत नाही. तिचा देह जपावा, अभ्यासकांना उपलब्ध असावा, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रोज हजारोंनी वाकून पाहावं हे मला पटत नाही, आणि तिथे उभी राहून मीही पाहिलंच, तरी पटत नाही. तिच्या माणसांनी आपल्यासाठी पाहण्यासारखं दुसरं खूप ठेवलं आहे.

कबर उघडली तेव्हा लाखेच्या एका झाकणाच्या भांड्यात पाणी होतं आणि त्यावर कमळाच्या कंदांच्या चकत्या तरंगत होत्या. तिच्या जेवणातला रस्सा, जसाच्या तसा. भांडं उचलून नेताना त्या हलक्या धक्क्यानेच चकत्या विरघळू लागल्या आणि थोड्याच वेळात नुसतं पाणी उरलं. फोटो काढला गेला होता म्हणून आपल्याला कळतं. पुढे भूकंपाच्या अभ्यासकांनी यावरून म्हटलं, छांगशाला दोन हजार वर्षांत मोठा हादरा बसलेला नसणार.

बाहेर पडल्यावर भाच्याला लेक्चर होतं, तो बसने गेला. मी मात्र पुन्हा आत जायला रांगेत उभी राहिले आणि लाखेच्या भांड्यांच्या दालनात दुपारपर्यंत बसले. कधी छांगशाला गेलात तर सोमवार सोडून जा, म्युझियम बंद असतं, आणि बुकिंग काही दिवस आधी करा. सगळे घाईने खाली धावतात, तुम्ही वरच थांबा. आधी यादीच्या बांबूच्या पट्ट्या पाहा, मग शिक्क्याची माती, मग पाच थाळ्यांचं ते ताट. शवपेटीकडे वेळ उरला तर जा.